बर्फाच्या फॅक्टरीतलं मीठ

भिंतीतून मीठ येतंय, असं मी बिल्डिंगच्या मॅनेजरला पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा ती बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅम, यू मीन डस्ट?" अगं बाई, धूळ मला कळते. इथे गल्फमध्ये, फुजैरात सतरा वर्षं काढली आहेत, डोंगराकडून वारा सुटला की खिडकीच्या फटीतून किती धूळ येते ते मी तुला सुपात पाखडून दाखवीन. ही धूळ नव्हे. रत्नागिरीला आम्ही याला लोणा म्हणतो. आधी रंग फुगतो, मग पोपडा धरतो, पोपडा नखाने काढला की आत पांढरं भुरभुरीत पीठ. पुसून काढा, चार दिवसांत परत हजर. बिनबोलावलेल्या पाहुण्याला तरी कधीतरी लाज वाटते.

हे सगळं मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "शुअर मॅम, टुमारो, इन्शाल्ला." तो उद्या पाच आठवड्यांनी उजाडला.

आता ही बिल्डिंग म्हणजे पूर्वीची बर्फाची फॅक्टरी. मासेमारीच्या बोटींना इथून बर्फाच्या लाद्या जायच्या. मग फॅक्टरी बंद पडली, बरीच वर्षं नुसती उभी होती, आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हिची घरं करू. उंच छत तसंच ठेवलं, लोखंडी तुळया काळ्या रंगाने रंगवल्या, मधे भिंती घातल्या, झालं. अशा घरांना आता मोठा भाव आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला इतिहासाची भिंत. तिच्यावर बोटींचा एक मोठा फोटो, बर्फ उचलायचे दोन चिमटे, त्यांच्यावर वरून दिवे सोडलेले आणि खाली इंग्रजीत तीन ओळी. शुद्ध काय, शीतल काय, चिरंतन काय! मिठाचं नावसुद्धा नाही. बर्फाच्या फॅक्टरीचा इतिहास आणि त्यात मीठ नाही, म्हणजे लग्नपत्रिकेत नवरीचं नाव नसण्यातला प्रकार.

कारण मिठाशिवाय बर्फाची लादी होतच नाही. हे मला ठाऊक आहे, कारण माझे अब्बा याच फॅक्टरीत बावीस वर्षं ऑपरेटर होते. जमिनीत एक लांबरुंद टाकी असते, तिच्यात मिठाचं पाणी. त्यात गोड्या पाण्याने भरलेले उभे डबे सोडायचे. मशीन त्या खाऱ्या पाण्याला इतकं गार करतं की डब्यातलं गोडं पाणी दगड होतं. खारं मात्र गोठत नाही, कारण त्यात मीठ असतं. मीठ कमी झालं की सगळंच बिघडतं. म्हणून अब्बांचं मुख्य काम काय, तर टाकीतल्या मिठावर लक्ष ठेवायचं. ते मोजायला काचेची एक नळी होती, पण ती फुटली की नवी यायला महिने लागायचे. मग अब्बा बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, "दोन पोती कमी आहेत." दोनच कमी असायची.

दोन वर्षांनी एकदा ते घरी यायचे, दोन महिन्यांसाठी. आम्ही दोघं भावंडं त्यांच्या भोवती भोवती करायचो आणि ते आम्हाला बर्फाच्या गोष्टी सांगायचे. माझ्या लहानपणी अब्बा म्हणजे बर्फ, अशीच माझी समजूत होती. उन्हाळ्यात कोणी फ्रीजमधला बर्फ दाखवला की मी नाक मुरडायची, हा काय बर्फ?

फॅक्टरी बंद झाल्यावर ते गावी परतले. मग माझं लग्न झालं आणि मी फुजैरात आले, तेलाच्या टर्मिनलवर काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर. दोन वर्षांपूर्वी अम्मी गेली. भाऊ कुवेतला, एका खोलीत चौघांबरोबर राहतो, तो अब्बांना कुठे ठेवणार? गावचं घर मोठं, चांगलं, पण त्यात बोलायला माणूस नाही. मी फोन केला की अब्बा म्हणायचे, "मी मजेत आहे." सकाळी काय जेवलात विचारलं तर म्हणायचे, "तेच रात्रीचं." मी ठरवलं, आता पुरे. त्यांना इकडेच आणायचं.

ठरवणं सोपं. आई-वडिलांचा व्हिसा काढायचा तर घर मोठं लागतं. अब्बांचे दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढता येत नाही. आम्हाला झेपणारी घरं सगळी जुन्या बिल्डिंगांमधली, दुसरा मजला, तिसरा मजला, लिफ्ट बंद नाहीतर नाहीच. चार महिने मी घरं बघितली. आणि मग हे मिळालं. तळमजला, एकही पायरी नाही, गल्लीच्या पलीकडे मशीद, मासळी बाजार अब्बांच्या पावलांनी पंधरा मिनिटांवर. कोणाचा हात न धरता ते सगळीकडे जाऊ शकणार होते. या एकाच घरात अब्बा आमच्याजवळ राहू शकत होते, दुसऱ्या कुठल्या घरात नाही. आणि वर त्यांचीच फॅक्टरी! मला वाटलं, म्हातारा खूश होऊन जाईल.

कसला खूश! पहिल्या दिवशी दारातल्या चिमट्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे आमचे नव्हेत. आमच्या चिमट्यांचे दांडे लांब होते." मग घरात आले, दारापासून पावलं मोजत सरळ माझ्या लेकीच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. मग मला विचारतात, "बाय, दुसरं घर नव्हतं मिळत?"

माझा पारा चढला. चार महिने वणवण केली होती मी. म्हटलं, "नव्हतं मिळत, अब्बा. समुद्रात तरंगतं एक होतं, पण त्याला पायऱ्या होत्या."

संध्याकाळी नवीन हट्ट. आम्ही त्यांच्यासाठी मोठी खोली लावली होती, ऊन येणारी. ते म्हणाले, मला ती नको, मी नातीच्या खोलीत झोपतो, तिला मोठी द्या. का? "ही थंड आहे." अहो, एसी दोन्हीकडे आहे! पण नाही. त्यांनी स्वतः गादी ओढत नेली. लेक काय, आनंदाने नाचली, "नाना, यू आर द बेस्ट!" मी हात टेकले. म्हातारी माणसं आणि लहान मुलं एक झाली की आईचं कोणी ऐकत नाही.

दोन महिन्यांनी त्याच खोलीच्या भिंतीतून मीठ यायला लागलं.

अब्बांनी बोटाने ते पीठ पुसलं आणि जिभेला लावलं. मी किंचाळले, "अब्बा! तुम्हाला बीपी आहे आणि तुम्ही भिंत चाटताय?" त्यांनी बोट लुंगीला पुसलं. "चुना खराब आहे," म्हणाले. "होतं असं." सुरुवातीला काही दिवस मी विश्वास ठेवला. ज्या माणसाने बावीस वर्षं मीठ चाखलं, त्याला मीठ आणि चुना वेगळा कळत नाही हे मला पटलंच कसं, याचं मला आजही नवल वाटतं.

मग सुरू झाला रंगाऱ्यांचा खेळ. पहिल्या वेळी त्यांनी पोपडे काढून रंग दिला. दीड महिना टिकला. दुसऱ्या वेळी वॉटरप्रूफ रंग दिला, तो तर फुग्यासारखा फुगला. तिसऱ्या वेळी रंगाऱ्यानेच मला समजावलं, "भाभीजी, आप पोछा कम लगाओ." पोछा कमी लावू! मी माझ्या घरची फरशी पुसायची की नाही हे आता रंगारी सांगणार. नवऱ्याला सांगावं तर तो बारा तासांची शिफ्ट करून आलेला. म्हणायचा, "खलास, सोड ना. तिथे कपाट लाव, दिसणार नाही." लावलं कपाट. त्याच्या बिजागऱ्या गंजल्या. आता कपाटाचं दार उघडलं की अख्ख्या गल्लीला कळतं.

आणि मॅनेजरचं पत्र आलं. घराचा करार संपायला दोन महिने होते. पत्र मोठ्या अदबीचं. तुमच्या घरातली ओल ही राहणाऱ्यांच्या सवयींमुळे असू शकते: फरशी पाण्याने धुणं, कपडे आत वाळवणं, स्वयंपाकाची वाफ. तपासणी होईल. दोष तुमचा निघाला तर करार पुढे चालू राहणार नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. करार गेला म्हणजे घर गेलं आणि घर गेलं म्हणजे अब्बा गेले. परत त्या रिकाम्या घरात, रात्रीचंच सकाळी खायला.

मी पत्र घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, "अब्बा, मिठाची टाकी कुठे होती?"

"फॅक्टरीत."

"फॅक्टरीत कुठे? या भिंतीच्या खाली होती ना? नुसतं होय म्हणा. तपासायला माणसं येतील, त्यांना सांगा की इथे टाकी होती, हे मीठ जुनं आहे. म्हणजे आमचा दोष नाही हे कळेल."

"आठवत नाही, बाय."

आठवत नाही! कुठल्या बोटीचा नाखवा कुठल्या गावचा, कोणाला किती लाद्या जायच्या, मुकादमाच्या बकरीचं नाव काय होतं, ते सगळं आठवतं. बावीस वर्षं जिच्या काठावर उभे होते ती टाकी आठवत नाही. मी रोज विचारायला लागले. चहा देताना विचारायचे, औषध देताना विचारायचे. ते रोज तेच. एकदा तर म्हणाले, "फार जुनी गोष्ट झाली, तिच्यात काय आहे?"

मला वाटलं, हे जुन्या माणसांचं मालकप्रेम. मालक कधीच वारला, फॅक्टरीची घरं झाली, पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या नावाला बट्टा लागू द्यायचा नाही. आमच्याकडच्या गल्फवाल्यांत असली माणसं ढिगाने आहेत. मग एका दुपारी माझा तोल गेला. मी म्हणाले, "बावीस वर्षं त्या फॅक्टरीशी इमान राखलंत. आता एकदा पोटच्या पोरीशी राखा."

ते उठले, हातपाय धुऊन वजू केली आणि मशिदीत नमाजाला गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या लेकीशी मात्र बोलत होते. ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, हे कोकणीत विचारायचे, आणि दोघांचं छान चालायचं. मला त्याचाही राग यायचा.

तपासणीचा दिवस उजाडला. लेकीला सुट्टी होती, नवरा कामावर. मॅनेजर आली, बरोबर एक इंजिनियर, आपल्याच देशातला, हैदराबादकडचा असावा, हिंदी बोलत होता. त्याने कुठलंसं यंत्र भिंतीला लावलं, मान हलवली. मग बाथरूममध्ये डोकावला. माझी फरशी पुसायची बादली तिथे होती, ओला पोछा तिच्यावर टाकलेला. सकाळीच पुसलं होतं मी, पाहुणे येणार म्हणून! इंजिनियरने बादलीकडे बघितलं, मॅनेजरने इंजिनियरकडे बघितलं आणि हातातल्या टॅबवर टाइप करता करता ती मोठ्याने म्हणाली, "पुअर हाउसकीपिंग बाय टेनंट."

मी तोंड उघडायच्या आत अब्बांनी पलंगावरून माझ्या लेकीला विचारलं, "काय लिहिलं तिने?"

लेक म्हणाली, "नाना, शी सेज ममा कीप्स द हाउस डर्टी."

अब्बा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. इंजिनियरसमोर जाऊन उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "मेरी बेटी का घर गंदा नहीं है. ये नमक मेरा है."

मग ते बोलायला लागले आणि थांबलेच नाहीत. दारापासून अकरा पावलं, इथे टाकीचा काठ. इथे पंप. पंपाच्या बाजूला टाकीच्या पत्र्याला चीर होती, तिथून खारं पाणी खाली झिरपायचं. मालकाच्या मॅनेजरला एकदा सांगितलं, तो म्हणाला मासळीचा सीझन संपू दे. सीझन संपला, पुढचा आला. मग अब्बांनी सांगायचं सोडलं, आणि दुसऱ्या कोणाला सांगू दिलं नाही. का? "टंकी बंद, तो काम बंद. काम बंद, तो वीजा बंद. चौदह आदमी थे, साब." म्हणून रोज दोन पोती मीठ जास्त घालायचं आणि टाकी चालू ठेवायची. दोन पोती, रोज.

मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या मनात नुसता जल्लोष चालला होता. बोला अब्बा, बोला! लिही बाई आता, लिही पुअर हाउसकीपिंग!

इंजिनियरने विचारलं, "कितने साल?"

"नौ. दस भी हो सकते हैं."

"पानी जाता कहां था?"

अब्बांनी पायाने फरशी दाखवली. "नीचे."

इंजिनियरचा चेहरा बदलला. त्याने यंत्र खिशात ठेवलं, पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि कोपऱ्यातल्या खांबाशी उकिडवा बसला. खाली, फरशीजवळ, त्याने दोनदा ठोकलं. बद्द आवाज आला. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा पोळीएवढा तुकडा निसटून पडला आणि आतली सळई दिसली. सळई कसली! पापुद्रे पापुद्रे झाले होते, बोट लावलं तर गळून पडत होते. तो मॅनेजरला हळू आवाजात काहीतरी म्हणाला. तिचं टाइप करणं थांबलं.

मग तो उठला आणि मला म्हणाला, "मॅडम, आप लोगों की कोई गलती नहीं है."

मी मॅनेजरकडे असं बघितलं की ती जन्मभर विसरणार नाही. वर्षभराचा सगळा राग मी त्या एका नजरेत घातला. आणि त्याचं पुढचं वाक्य आलं, की या बाजूची तळमजल्यावरची चारही घरं रिकामी करावी लागतील. फरशी आणि खांब फोडून बघितल्याशिवाय इथे कोणाला राहू देता येणार नाही. चार आठवड्यांत.

तो हे फार सभ्यपणे बोलला. मॅनेजरसुद्धा सभ्यपणे म्हणाली की आम्ही लवकरच ईमेल पाठवू. दोघं निघून गेले. बादली तशीच होती.

त्या चार आठवड्यांत मी पुन्हा घरं बघितली. तिसरा मजला मिळत होता. लिफ्टवालं मिळालं, पण एकाच बेडरूमचं. लांब रास अल खैमाला एक चांगलं होतं, तळमजल्याचं, पण तिथून नवऱ्याने बारा तासांच्या शिफ्टला रोज जायचं कसं? मी नवऱ्याशी भांडले, दलालांशी भांडले, मॅनेजरला फोन करून भांडले. अब्बा एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "मी गावाला जातो. तुझ्या भावाने तिकीट काढलंय." मला कोणी विचारलं नव्हतं. दोघांनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

ते निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांची बॅग भरत होते. औषधं वेगळी, कपडे वेगळे. ते पलंगावर बसून बघत होते. लुंगीची घडी करता करता मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवेना, "अब्बा, टाकीचं सांगितलं की हे घर जाणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"लोखंडाला मीठ काय करतं ते मला नाही कळणार, तर कोणाला?"

"पहिल्या दिवसापासून?"

त्यांनी मान हलवली.

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत? पोर त्या भिंतीशी झोपणार होती!"

"म्हणून तर मी झोपलो."

मी म्हटलं, "पण का? इतकं मी रोज विचारत होते. का नाही बोललात?"

अब्बा थोडे हसले, अपराधी माणूस हसतो तसे. म्हणाले, "मला वाटलं, अजून दोन-तीन वर्षं काढेल तो खांब. मला तेवढीच लागली असती."

मी हातातली लुंगी बॅगेवर आपटली आणि त्यांच्या अंगावर ओरडले, "दोन-तीनच का? तुम्हाला कोणी सांगितलं दोन-तीनच?"